शेरू माझ्यापेक्षा लहान, मग तो आधी म्हातारा कसा?

गोदाकाठची

परवा रात्री लेकीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून इथे विचारते.

शेरू आमचा लॅब्रॅडोर, वय अकरा. लेक बारा वर्षांची. ती बोबडं बोलत होती तेव्हा तो टोपलीतून घरी आला, म्हणजे दोघं बरोबरीनंच वाढली म्हणा ना. आता त्याचं तोंड पांढरं झालंय. जिना चढताना मागचे पाय थरथरतात. पूर्वी गंगापूर रोडनं आनंदवल्लीपर्यंत ओढत न्यायचा, आता कोपऱ्यावरच्या झाडापाशी पोचला की मागे वळून बघतो. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "वय झालंय त्याचं." लेक घरी येईपर्यंत गप्प होती. झोपताना म्हणाली, "आई, शेरू माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान आहे. मग तो आधी म्हातारा कसा झाला?"

घरात आजेसासूबाई आहेत, नव्वद पूर्ण. तीच हवा, तेच गंगापूर धरणाचं पाणी, भाकरीचा तुकडासुद्धा एकाच तव्यावरचा. तरी एकाचं वय अकराव्या वर्षी होतं आणि एकाचं ऐंशीच्या पुढे. आणि मुळात वय का होतं? "देवाची इच्छा" असं सांगून तिला झोपवता आलं असतं. पण तिनं मनापासून विचारलंय, तर उत्तरही तसंच द्यावंसं वाटतं.

आडगाव_नाका

झीज हो. माझी स्कूटर बावीस वर्षं चालली, शेवटी इंजिनच बसलं. शरीर म्हणजे यंत्रच.

पिंपळपार

जुनी पानं गळाली नाहीत तर नवी कुठे फुटणार? म्हातारे गेले नाहीत तर पोरांना खायला काय उरेल? निसर्गानं केलेली सोय आहे ती. आमचे आजोबा हेच सांगायचे आणि मला ते पटतं.

मनीची_आई

आमची मनी सतरा वर्षांची आहे. दूध फ्रीजच्या कुठल्या कप्प्यात आहे ते तिला अजूनही माझ्याआधी कळतं. शेरूला माझ्याकडून गोंजारा.

निवृत्त_जीवशास्त्र

ताई, तुमच्या लेकीनं जो प्रश्न विचारलाय त्यानं गेली दीडशे वर्षं चांगल्या चांगल्या माणसांना छळलंय. मी पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि वर्गात हा विषय निघाला की तास कधी संपला ते कळायचं नाही. थोडं सविस्तर लिहितो.

आधी आडगाव नाक्यांची स्कूटर. स्कूटर स्वतःला दुरुस्त करत नाही, शरीर करतं. तुमच्या रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिच्या जागी नवी येते. हाडसुद्धा सतत पोखरलं जातं आणि पुन्हा भरलं जातं. जखम भरते, मोडलेला हात जुळतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका पेशीपासून सुरुवात करून हे शरीर अख्खंच्या अख्खं बाळ घडवतं. इतकं अवघड काम ज्याला जमतं, त्याला तयार झालेलं शरीर नुसतं टिकवणं का जमू नये? झीज होते हे खरंच आहे. ती एका वयानंतर भरून का निघत नाही, आणि कुत्र्यात अकराव्या वर्षी नि माणसात ऐंशीव्या वर्षी का, हे मात्र झिजेनं सुटत नाही.

आता पिंपळपार. तुमच्या आजोबांसारखाच विचार ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात मांडला होता. झिजलेले जीव जातीच्या भल्यासाठी जागा रिकामी करतात, असं त्याचं म्हणणं. ऐकायला फार सुंदर आहे. पण समजा, एका कळपात सगळे ठरल्या वयाला मरतात आणि त्यात एक जण असा जन्मला की जो मरत नाही, आणखी वर्षं जगून आणखी पिल्लं देतो. पुढच्या पिढ्यांत कोणाची पिल्लं जास्त दिसतील? त्याचीच. सगळ्यांसाठी मरणाऱ्यांचा वंश मागे पडेल. शिवाय वाइसमाननं जुने जीव झिजलेले असतात हे आधीच गृहीत धरलं होतं, आणि उलगडायचं तर तेच होतं. पुढे त्यानंही हा विचार सैल केला.

आणि एक साधी गोष्ट. रानात म्हातारा प्राणी दिसतोच किती? बहुतेक उंदीर रानात वर्षभरही जगत नाहीत. घुबड, साप, थंडी, उपास, काही ना काही त्यांना आधीच गाठतं. जे जवळपास कधी घडतच नाही, त्याची निसर्ग सोय तरी कशाला करेल?

बाकीचं उद्या लिहितो, डोळे दुखतात.

पिंपळपार

सर, मुद्दा कळला. पण मग म्हातारपण आलं कुठून? कोणाच्याच फायद्याचं नसेल तर ते राहिलं कसं?

निवृत्त_जीवशास्त्र

याचं उत्तर पीटर मेडावार या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९५१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या व्याख्यानात दिलं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांचं उदाहरण घेतलं होतं. मी वर्गात चहाच्या टपरीतले ग्लास घ्यायचो.

टपरीवाल्यानं शंभर ग्लास आणले. काच काही म्हातारी होत नाही, नवा ग्लास असो की जुना, हातातून सुटला की फुटणारच. धरा, दर महिन्याला दहापैकी एक फुटतो आणि तेवढेच नवे येतात. पहिल्या शंभरातले वर्षभरानं अठ्ठावीस उरतील, दोन वर्षांनी आठ आणि तीन वर्षांनी दोन. ग्लास म्हातारे झाले नाहीत, तरी जुने ग्लास कमी झाले.

आता समजा, काचेत असा एक दोष आहे की तिसऱ्या वर्षानंतर ग्लासला तडा जातो. टपरीवाल्याचं नुकसान किती? जवळपास काहीच नाही, कारण तिथवर पोचणारेच दोन. पण पहिल्याच महिन्यात तडा देणारा दोष असेल तर धंदा बसला.

नैसर्गिक निवडीचं, म्हणजे ज्याची पिल्लं जास्त त्याचेच गुण पुढे टिकतात या प्रक्रियेचं, असंच आहे. तरुणपणी मारणारं जनुक पुढच्या पिढीत जातच नाही, कारण ते बाळगणाऱ्याला पिल्लंच होत नाहीत. उतारवयात त्रास देणारं जनुक मात्र तोवर पिल्लांत उतरलेलं असतं. निवडीची नजर वयाबरोबर अधू होत जाते. तिच्या नजरेतून सुटलेले असे दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले, आणि त्या साचलेल्या ढिगाऱ्याला आपण म्हातारपण म्हणतो.

ओपीडी_नंतर

सरांच्या उदाहरणाला रुग्णालयातली जोड देतो. हंटिंग्टन नावाचा एक आजार आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरतं, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मेंदूच्या पेशी मरत जातात, अंग आपोआप हलतं, स्मरण जातं. इतकं घातक जनुक टिकलं कसं? लक्षणं बहुतेकांत तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसतात आणि तोवर मुलं झालेली असतात. जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं ही गोष्ट मेडावारांच्याही आधी हेरली होती. हेच हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कायमचे भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

सिडको_सहावी_योजना

म्हणजे मुलं झाली की निसर्गाला आपली गरज संपली? चाळिशीच्या माणसानं रात्री अकरा वाजता वाचावं असं हे नाही.

निवृत्त_जीवशास्त्र

इथे बरेच जण घसरतात, म्हणून थांबवतो. मुलं झाल्यावर निवड एकदम बंद पडते असं नाही. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६६ साली गणितानं दाखवलं की पिल्लं देण्याचं वय सुरू झालं की तिथूनच निवडीचा जोर हळूहळू उतरायला लागतो. तो शून्यावर येतो शेवटच्या टप्प्यात. मधला उतार लांब आहे. जी जात पिल्लं उशिरा देते आणि नंतरही वर्षानुवर्षं सांभाळते, तिच्यात हा उतार आणखी लांबतो. चाळिशीत तुमच्या मुलांना तुमची गरज आहे ना? मग निवडीलाही आहे.

मांडवाखाली

नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षाचा शेतकरी. शिक्षण बारावी. सरांचं वाचलं आणि वाटलं, हे तर आमच्याकडं रोज चाललंय.

आमच्याकडं बाग पंधरा-वीस वर्षांची झाली की म्हणतात, बागेचं वय झालं. खोडात पोकळी धरते, ओलांडे म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्या वाळतात, डोळे फुटायला मागं-पुढं करतात. पण सगळ्या बागा एकाच वयाला थकत नाहीत. ज्यानं हावेनं माल धरला, एका वेलीवर पेलतील त्याच्या दीडपट घड ठेवले, त्याची बाग आठव्या-दहाव्या वर्षीच बसते. माल जास्त धरला की काडीत अन्न साठत नाही, पुढच्या साली घड कमी निघतात, खोड बारीक राहतं. म्हणून आम्ही विरळणी करतो, माल उतरल्यावर बागेला विश्रांती देतो, मगच एप्रिलात खरड छाटणी. वडील म्हणायचे, वेलीच्या खिशात पैसा एकच आहे, घडात घाल नाहीतर खोडात घाल.

तर सर, जनावरांचंपण असंच काही असतं का?

निवृत्त_जीवशास्त्र

दादा, तुमच्या वडिलांनी जे सांगितलं तेच टॉम कर्कवूड या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं. मी अजिबात वाढवून सांगत नाही. जीवाकडे अन्न मोजकं. ते पिल्लांवर खर्च करायचं की शरीराच्या डागडुजीवर? पुढच्या साली जिवंत असण्याचीच खात्री नसेल तर शरीर शंभर वर्षं टिकेल असं कशाला घडवायचं? उंदराला घुबड वर्षभरात उचलणारच असेल, तर ज्या उंदरानं सगळा पैसा घडात घातला त्याचाच वंश पुढे जातो. खोडाची डागडुजी कामापुरतीच होते. घुबड नसलेल्या पिंजऱ्यात त्याच उंदराला ठेवलं, तर दोन-तीन वर्षांत तो आतून मोडकळीस आलेला दिसतो.

याच्या जोडीला जॉर्ज विल्यम्स यांचा १९५७ सालचा विचार आहे. तरुणपणी फायदा देणारं जनुकच उतारवयात नडत असेल, तरी निवड ते ठेवून घेते, कारण तरुणपणीचा नफा मोठा आणि म्हातारपणीचा तोटा कोणाच्या हिशेबात नाही.

ओपीडी_नंतर

विल्यम्सच्या विचाराला पेशीतला दाखला आहे. विभागणी बिघडलेली पेशी स्वतःला कायमचं थांबवून घेते. त्यामुळे तरुणपणी कर्करोगापासून संरक्षण मिळतं. पण अशा थांबलेल्या पेशी साठत जातात, आजूबाजूला सूज पसरवतात, आणि म्हाताऱ्या सांध्यांत, फुप्फुसांत, रक्तवाहिन्यांत त्याच त्रास देतात. जे कुलूप विशीत घर राखतं तेच सत्तरीत दार उघडू देत नाही.

कारवी_आणि_कडे

मांडवाखाली, तुमच्या 'सगळा पैसा घडात'चं टोक बघायचं असेल तर त्र्यंबकच्या, इगतपुरीच्या डोंगरांवर या. कारवी सात-आठ वर्षं नुसती हिरवी वाढते. मग एका पावसाळ्याच्या शेवटी अख्खा उतार जांभळा-निळा होतो, मधमाश्यांचा आवाज पायवाटेवरून ऐकू येतो, आणि बी धरून ती सगळीच्या सगळी मरते. पुढच्या वर्षी त्याच उतारावर वाळके दांडे उभे असतात, वाडीवरची माणसं कुडाच्या भिंतींसाठी तोडून नेतात. मी दोनदा ते पाहिलंय. दुसऱ्यांदा पाहताना पोटात कालवलं, कारण आता कळत होतं की हे सगळं एकदाच आहे.

मिझोराममधला मावताक बांबूही असाच, ४८ वर्षांनी फुलतो आणि मरतो. पॅसिफिक महासागरातला सामन मासा नदीत चढतो, अंडी घालतो आणि थोड्याच दिवसांत अंग सडल्यासारखं होऊन मरतो. त्यांना म्हातारपण वर्षानुवर्षं येत नाही, एकदम कोसळतं.

मधपेटी

कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटांत मधपेट्या ठेवण्याचं काम करतो. कामकरी माशी आणि राणी, दोघींची अंडी सारखीच. अळीला काय आणि किती खायला मिळालं यावर ठरतं की ती राणी होणार की कामकरी. हंगामात कामकरी माशी साधारण सहा आठवड्यांत संपते, पंख फाटलेले असतात. राणी दोन-तीन वर्षं सहज, कधी त्याहून जास्त जगते, आणि ती रोज अंडी घालत असते! म्हणजे पिल्लं जास्त तर आयुष्य कमी, हे राणीला का लागू नाही?

निवृत्त_जीवशास्त्र

फार चांगली हरकत. राणी पेटीच्या आत, हजारो माश्यांच्या पहाऱ्यात. तिला स्वतः अन्न शोधायचं नाही, दुसऱ्यांनी भरवायचं. तिचा खिसाच दुसरे भरतात, त्यामुळे घडातही पैसा आणि खोडातही. कामकरी माशी बाहेर फिरते, पक्षी, कोळी, वारा, औषधफवारणी. तिचं शरीर टिकाऊ करून पोळ्याला काही मिळत नाही. बाहेरचा धोका कमी तिथे आयुष्य लांब, हा मुद्दा तुमच्या पेटीतच सिद्ध होतो.

नांदूरमध्यमेश्वर_पहाट

बाहेरच्या धोक्याबद्दल पक्ष्यांचा दाखला द्यायलाच हवा. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा पक्षी बहुधा कितीतरी जास्त जगतो, कारण धोका दिसला की उडता येतं. आपल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात ना, त्यांच्यातलाच एक मोठा रोहित ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात २०१४ साली वारला, तेव्हा तो किमान ८३ वर्षांचा होता. विस्डम नावाच्या, लेसन अल्बट्रॉस जातीच्या समुद्रपक्ष्याच्या मादीला १९५६ मध्ये पायात ओळखीची कडी घातली आणि २०२४ मध्येही तिनं अंडं घातलं. वटवाघूळ उंदराएवढंच, पण एका जातीची नोंद ४१ वर्षांची आहे.

अमेरिकेत स्टीव्हन ऑस्टड यांनी ओपॉसम नावाच्या, मांजराएवढ्या पिशवीवाल्या प्राण्यावर काम केलं. सपेलो नावाच्या बेटावर त्यांना खाणारे मोठे प्राणी नाहीत आणि ते बेट काही हजार वर्षं मुख्य जमिनीपासून तुटलेलं आहे. तिथल्या माद्या मुख्य भूमीवरच्यांपेक्षा जास्त जगतात, एका वेळी पिल्लं कमी देतात, त्यांच्या शेपटीतल्या तंतूंचं वय सावकाश वाढतं. अगदी सरांच्या सांगण्याप्रमाणे.

ओपीडी_नंतर

एक विरोधी दाखलाही नोंदवतो, नाहीतर सगळं फार सोपं वाटेल. त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पी माशांवर डेव्हिड रेझनिक यांनी काम केलं. ज्या ओढ्यांत शिकारी मासे जास्त, तिथले गप्पी लवकर म्हातारे व्हायला हवेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटं दिसलं, ते प्रयोगशाळेत जास्त जगले आणि जास्त काळ पिल्लं देत राहिले. पोहण्याचा चपळपणा मात्र त्यांचा लवकर उतरला. शिकारी मासे असले की गर्दी कमी होते, उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं, आणि निसटून जाण्याइतके तगडेच मागे राहतात. म्हणजे 'धोका जास्त तर आयुष्य कमी' हा सरसकट नियम नाही. धोका सगळ्यांना सारखाच आहे, की अशक्तांनाच जास्त गाठतो, यावर बरंच ठरतं.

निवृत्त_जीवशास्त्र

मान्य. मी वर्गात गप्पी सांगायचो नाही, सांगायला हवे होते.

आडगाव_नाका

स्कूटर मागे घेतो. पण एक विचारू? हे सगळं झाल्यावर सांगितलेलं वाटतं. कोणी म्हातारपण पुढे ढकलून दाखवलंय का?

निवृत्त_जीवशास्त्र

हो. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी ती बारीक चिलटं असतात ना, त्यांच्यावर. मायकेल रोझ यांनी तरुण माद्यांची अंडी टाकून दिली आणि फक्त वय झालेल्या माद्यांची अंडी पुढच्या पिढीसाठी ठेवली. तसंच पिढ्यामागून पिढ्या. आता जिला उशिरापर्यंत धड राहता आलं तिचाच वंश चालणार. काही पिढ्यांत त्या माश्या जास्त जगायला लागल्या, आणि तरुणपणी अंडी कमी घालायला लागल्या. १९८४ साली हे प्रसिद्ध झालं. कुठलं औषध दिलं नव्हतं, निवडीची नजर तेवढी लांबवर नेली होती.

सिडको_सहावी_योजना

औषधावरून आठवलं. कमी खाल्लं की आयुष्य वाढतं म्हणतात. आमच्या कट्ट्यावर तिघं जण एकभुक्त झालेत.

ओपीडी_नंतर

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये उंदरांवर ते दाखवलं होतं. माकडांवर दोन मोठे दीर्घ अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पुरते जुळले नाहीत. माणसाच्या आयुर्मानाबद्दल त्यावरून वचन देणं मला योग्य वाटत नाही. कट्ट्यावर कोणी मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून मगच जेवण सोडा. साखर एकदम उतरून चक्कर आलेले रुग्ण मी पाहतो.

मांडवाखाली

सर, माझा अर्धा प्रश्न राहिला. बागेचं वय झालं म्हणून आम्ही खोड उपटतो. पण त्याच म्हाताऱ्या वेलीची काडी डॉगरिज नावाच्या जातीच्या खुंटावर कलम भरली की ती तरुण. दीड-दोन वर्षांत नवा माल. तिला कोणी सांगत नाही की तुझी आई वीस वर्षांची आहे. थॉमसन जातीच्या द्राक्षाला तर बी नाहीच, सगळ्या दुनियेतली थॉमसन काडीवरनंच वाढली. मग ती वेल म्हातारी का नाही?

निवृत्त_जीवशास्त्र

दादा, रात्री हे वाचलं आणि सकाळपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

विल्यम थॉमसन नावाच्या माणसानं १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियात ही जात लावली, म्हणून तिला ते नाव. जात त्याहूनही जुनी आहे. म्हणजे तुमच्या मांडवावर आज जी काडी आहे, ती न तुटता चालत आलेल्या एकाच वेलीचा तुकडा आहे, दीडशे वर्षांहून जुना. त्या वाटेत नक्कल करताना चुका होतात, आणि त्या तुम्ही विकतासुद्धा. तास-ए-गणेश, सोनाका या जाती त्या थॉमसनमधूनच निघालेल्या ना?

प्राण्यांत हीच गोष्ट आत लपलेली असते. वाइसमानचं म्हातारपणाबद्दलचं उत्तर चुकलं, पण त्यानं एक फार खोल गोष्ट पाहिली. शरीर वेगळं आणि बीज वेगळं. अंडपेशी आणि शुक्रपेशी यांची ओळ पहिल्या जीवापासून आजपर्यंत कधीही तुटलेली नाही. ताईंच्या लेकीत जी पेशी वाढली तिचा वंश अब्जावधी वर्षांचा आहे आणि तरी ती जन्मली तेव्हा शून्य वर्षांची होती. म्हणजे जिवंत पदार्थाला म्हातारं व्हावंच लागतं असं नाही. निवड काडी जपते, खोड कामापुरतं ठेवते.

जिथे काडी आणि खोड असा भेदच नाही, तिथे म्हातारपणही धूसर होतं. गोड्या पाण्यात हायड्रा नावाचा अर्ध्या बोटाचाही नसलेला जीव असतो. त्याचं शरीर सतत नव्या पेशींनी भरतं आणि तुकड्यापासून अख्खा तयार होतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ठेवूनही त्याच्यात मरणाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. वडाचंही पाहा. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या मोठ्या वडाचं मूळ खोड बुरशीनं किडलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं. झाड पारंब्यांवर उभं आहे, अडीचशेहून जास्त वर्षांचं. आपल्या पंचवटीत वडाखाली उभं राहिलं की मला नेहमी हे आठवतं.

पिंपळपार

सर, आजोबांची गोष्ट मला सोडवत नाही, पण वडाची गोष्ट घरी वाचून दाखवली. आई दोनदा म्हणाली, परत वाच.

सावळी_आजी

मी सत्त्याहत्तर वर्षांची. नातू टाइप करून देतो आहे. तुम्ही सगळे म्हणता निसर्गाला म्हाताऱ्यांची गरज नाही. मग बायकांची पाळी पन्नाशीत जाते आणि त्यापुढं आम्ही तीस-चाळीस वर्षं जगतो, ती कशासाठी? सून नोकरीला जायची. तीन नातवंडं मी हातावर वाढवली. त्यातल्या एकाला गोवर झाला तेव्हा रात्र-रात्र बसले.

निवृत्त_जीवशास्त्र

आजी, नमस्कार. तुम्ही जे लिहिलंय तोच एक विचार शास्त्रातही आहे. टांझानियातल्या हाडझा लोकांपैकी काही जण अजून कंदमुळं आणि शिकारीवर जगतात. तिथे क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की लेकुरवाळ्या मुलींच्या पोरांना खाऊ घालण्यात आजीनं खणून आणलेल्या कंदांचा मोठा वाटा असतो. आजी जगली तर नातवंडं जगतात, आणि नातवंडांत आजीचीच जनुकं. म्हणजे आजीच्या धडधाकट असण्यावर निवडीची नजर पुन्हा पडते. किलर व्हेल या समुद्री सस्तन प्राण्यांतही माद्यांची पिल्लं देण्याची वर्षं संपतात आणि त्या पुढे कित्येक वर्षं जगतात, अन्न कमी असलेल्या वर्षी कळपाच्या पुढे पोहतात. सगळ्यांना हे स्पष्टीकरण पुरेसं वाटत नाही. पण नातवंडाच्या उशाशी जागलेली रात्र उत्क्रांतीच्या हिशेबात धरली जाते, असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठची

सगळं वाचलं, दोन संध्याकाळी मिळून लेकीलाही वाचून दाखवलं. सावळी आजींचा भाग आजेसासूबाईंना ऐकू आला तेव्हा त्यांनी पदरानं डोळे टिपले.

मी लेकीला असं सांगितलं, चुकत असेल तर सुधारा. शेरूचे पूर्वज लांडगे. रानात लांडगा क्वचितच दहा वर्षं गाठतो, म्हणून त्याचं शरीर तेवढ्या बेतानंच घडलं. दुसऱ्या वर्षी पिल्लं, सगळा पैसा घडात. आपण शेरूला रानातून काढून घरात आणलं, पोळी दिली, लस दिली, पण आतलं घड्याळ लांडग्याचंच राहिलं. माणसाची मुलं उशिरा मोठी होतात, आईबाप आणि आज्या लागतात, म्हणून आपलं घड्याळ सावकाश चालतं.

तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "मग समोरच्यांचा पॉमेरेनियन चौदा वर्षांचा असून उड्या कसा मारतो?"

ओपीडी_नंतर

ताई, चांगलं सांगितलंत. पॉमेरेनियनचा प्रश्न खरंच भारी आहे. प्राण्यांच्या वेगवेगळ्या जातींत बहुधा मोठा प्राणी जास्त जगतो, हत्ती उंदरापेक्षा. पण कुत्र्यांमध्ये आतल्या आत हे उलटं आहे. ग्रेट डेन आठेक वर्षांत संपतो, छोटे कुत्रे चौदा-पंधरा सहज. माणसानं काही शतकांतच मोठे कुत्रे मुद्दाम निवडले, वाढ झपाट्यानं होईल असे. निसर्गाला त्या आकाराला साजेशी डागडुजी जुळवायला वेळच मिळाला नाही. कुत्र्याचा आकार ठरवण्यात वाढीच्या संप्रेरकाशी संबंधित एका जनुकाचा मोठा हात आहे. सिंथिया केनियन यांनी १९९३ मध्ये एका बारीक कृमीत त्याच साखळीतलं एक जनुक मंदावलं, तर त्याचं आयुष्य दुप्पट झालं होतं. वाढीचा जोर आणि आयुष्याची लांबी कुठेतरी आत एकत्र बांधलेली आहेत.

शेरूसाठी एवढंच, वजन उतरवा. सांध्यांवरचा भार कमी झाला की त्याला आराम पडेल. आणि जिन्यावर रबरी पट्ट्या लावा, पाय घसरणार नाही.

मांडवाखाली

ताई, पुढच्या महिन्यात आमची गोड छाटणी, म्हणजे घडांसाठीची छाटणी आहे. मुलीला घेऊन या. सतरा वर्षांची बाग आहे, या साली शेवटची, नंतर काढणार. तिला त्याच वेलीची काडी देतो, कुंडीत लावायला. चार डोळ्यांची घ्यायची, दोन मातीत, दोन वर. कलमासारखी जोमदार नाही होणार, पण फुटेल.

गोदाकाठची

नक्की येतो. ती आत्ताच कुंडी शोधतेय.

शेरूला आणलं तर चालेल का? त्याला फार चालवत नाही, मागचे पाय धरत नाहीत.

मांडवाखाली

आणा की. गाडी बांधापर्यंत येते, आणि मांडवाखाली सावली आहे.